पाऱ्याची मात्रा, कायद्याचा काटा

गेल्या महिन्यात मिल्टन कीन्सहून भाचीचा फोन आला. पहिलटकरीण आहे, पाचवा महिना सरत आला आहे. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर मूळ मुद्दा निघाला. "मामा, डांग्या खोकल्याची लस घ्यायला बोलावलंय, पण मी तारीख पुढे ढकललीय. अमेरिकेनं लशीतला पारा बंद केला म्हणे. तिकडे कायदाच आहे. मग इथे का नाही? तू इंजिनिअर आहेस, तूच सांग."

मी इंजिनिअर आहे खरा, पण सॉफ्टवेअरचा. डॉक्टरेट आहे ती यंत्रांच्या कंपनांवरची. औषधांशी तिचा काडीचा संबंध नाही. तरी भाचीचा प्रश्न फेटाळता येईना, कारण २००९ च्या हिवाळ्यात हाच प्रश्न आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पंधरा दिवस मुक्कामाला होता. शिवाय कायद्यातली मर्यादा म्हणजे शेवटी एक आकडा. आकडा कुठून आला, कोणत्या एककात आहे आणि तो ओलांडला तर काय होते, हे विचारणे आमच्या धंद्यात रोजचे आहे. म्हणून या लेखात मी लशीची नव्हे, तर त्या आकड्याची समीक्षा करणार आहे.

आधी आमची २००९ ची गोष्ट सांगतो. स्वाईन फ्लूची साथ होती. ३ ऑगस्टला देशातला पहिला बळी पुण्यातच गेला होता. शाळा बंद, रस्त्यात प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. आई रोज फोनवर बजावत होती की सूनबाईंना घराबाहेर पाठवू नकोस. इकडे ऑक्टोबरात लसीकरण सुरू झाले आणि गरोदर स्त्रियांना अग्रक्रम मिळाला. लशीचे नाव पँडेमरिक्स. पत्रकात एक ओळ होती : थायोमर्सल, ५ मायक्रोग्रॅम. थायोमर्सल म्हणजे पाऱ्याचे संयुग. वजनाने जवळजवळ निम्मा पारा. बायकोने विचारले, "आमच्या पोटातल्या बाळाला पारा का?" सेल्व्हापान नावाची थायोमर्सलविरहित दुसरी लस देशात आली होती, पण ती मुख्यतः अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी राखीव होती. सरकारच्या सल्लागार समितीने गरोदर स्त्रियांसाठी पँडेमरिक्सच निवडली होती, कारण तिच्या एका डोसात संरक्षण मिळे. दुसरीला दोन डोस आणि मधले काही आठवडे लागत. हे कारण पुरेसे सयुक्तिक होते. पण आम्हाला ते कोणी सांगितले नाही. सर्जरीतल्या बाईंनी "अहो, काही नसतं त्यात" म्हणून विषय संपवला. त्यांचे 'काही नसतं' आणि पत्रकातले '५ मायक्रोग्रॅम' यांचा मेळ बसेना. पंधरा दिवस आम्ही घालवले. मग लस घेतली. मुलगी आता पंधरा वर्षांची होऊन गेली आहे आणि माझे काही ऐकत नाही, म्हणजे सर्व ठीक आहे.

ते असो. हे थायोमर्सल लशीत घालण्याची वेळ का आली, हे आपण मुंबईकरांनी तरी विसरू नये.

१९०२ साली परळच्या प्लेग प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस बनवीत होते. मागणी अफाट होती. उत्पादन लवकर व्हावे म्हणून लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याची पायरी त्यांनी गाळली होती आणि उष्णतेवर भिस्त ठेवली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी समितीने दोष परळवर ठेवला आणि हाफकिन पदावरून गेले. पुढे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांची बाजू मांडली. गावातच बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, हे पुढे आले. हाफकिन निर्दोष ठरले, पण परळला ते परतले नाहीत. संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली. पुढे १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियात बंडाबर्ग येथे घटसर्पाच्या लशीची बाटली दूषित झाली. टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ दगावली. त्या बाटलीतही जंतुनाशक नव्हते.

एका बाटलीत अनेक डोस असतात, तेव्हा प्रत्येक सुई आत जाताना बाहेरचे काहीतरी घेऊन जाऊ शकते. ते मारण्यासाठी १९३० च्या दशकापासून थायोमर्सल आले. म्हणजे पारा लशीत आला तो कोणाच्या बेपर्वाईने नव्हे. अशा मृत्यूंपासून धडा घेऊन आला. आजच्या कायद्याच्या मसुद्यांत ही पार्श्वभूमी क्वचितच दिसते, हा माझा त्यांच्यावरचा पहिला आक्षेप.

आता आकड्यांकडे. इंग्लंडमधली जुनी त्रिगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) घेतली तर एका डोसात सुमारे २५ मायक्रोग्रॅम पारा असे. १९९० मध्ये वेळापत्रक बदलून दुसरा, तिसरा व चौथा महिना असे झाले. म्हणजे चार महिन्यांच्या बाळाच्या अंगात एकूण ७५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत लशी अधिक होत्या. तिथे पहिल्या सहा महिन्यांत ही बेरीज जास्तीत जास्त १८७.५ पर्यंत जाई. १९९७ च्या एका कायद्याने तिथल्या औषध प्रशासनाला सर्व औषधांतल्या पाऱ्याचा हिशोब करायला लावला, तेव्हा ही बेरीज चव्हाट्यावर आली. मुलांच्या वेळापत्रकात एकेक लस जोडली गेली, पण बेरीज उशिरा झाली. यात पालकांनी चिडू नये तर काय करावे? हा प्रश्न विचारणाऱ्यांना अडाणी ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पारा मेंदूला घातक आहे, हे मिनामाताच्या कोळ्यांनी जगाला आपल्या जिवाने शिकवले आहे.

जुलै १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणि सरकारी आरोग्य सेवेने संयुक्त निवेदन काढले : धोक्याचा पुरावा नाही, तरी खबरदारी म्हणून थायोमर्सल काढा. त्याच वर्षी युरोपच्या औषध संस्थेनेही बाळांसाठी थायोमर्सलविरहित लशींना उत्तेजन द्यावे, असे सुचवले. पुढे कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये कायदाच केला. १ जुलै २००६ पासून गरोदर स्त्री आणि तीन वर्षांखालील मूल यांना दर अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पारा असलेली लस द्यायची नाही. फ्लूच्या लशीला १ मायक्रोग्रॅमपर्यंत सूट. वॉशिंग्टन राज्यानेही याच धर्तीवर कायदा केला. भाची म्हणते तो 'कायदा' म्हणजे मुळात हा.

एखाद्या सहकाऱ्याने मला हा मसुदा तपासायला दिला असता, तर मी लाल पेनाने चार खुणा केल्या असत्या.

पहिली खूण : मोजले काय? १९९९ मध्ये तुलनेला जी सुरक्षित मर्यादा घेतली ती मिथिल पाऱ्याची होती, म्हणजे माशांतून पोटात जाणाऱ्या पाऱ्याची. थायोमर्सलमधून निघतो तो इथिल पारा. नावात एका अक्षराचा फरक, पण चालचलन वेगळे. दारूतले इथेनॉल आणि डोळे घालवणारे मिथेनॉल यांतला फरक आपल्याकडच्या विषारी दारूच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. मिथिल पारा रक्तात निम्मा व्हायला दीड महिन्याच्या आसपास लागतो. बाळांच्या रक्ताची तपासणी करून २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात इथिल पाऱ्याचा हा काळ सुमारे एक आठवडा निघाला; पुढच्या मोठ्या अभ्यासात तो चार दिवसांच्याही आत आला. तो शौचावाटे बाहेर जातो. १९९९ मध्ये ही माहिती हाती नव्हती, म्हणून तेव्हाची खबरदारी मी चूक मानत नाही. पण २००४ चा कायदा २००२ च्या मोजमापानंतरचा आहे. माहिती बदलली तरी मसुद्याला फरक पडला नाही.

दुसरी खूण : एकक कोणते? 'दर डोसामागे' ही मर्यादा चार किलोच्या बाळाला आणि पासष्ट किलोच्या गरोदर बाईला एकच. विषाचा परिणाम वजनावर आणि एकूण बेरजेवर ठरतो. मर्यादा सुरक्षिततेच्या हिशोबातून आली असती, तर ती दर किलोमागे लिहिली गेली असती. ०.५ हा आकडा आरोग्याच्या गणितातून आलेला दिसत नाही; 'जवळजवळ शून्य' म्हणण्याची ती कायदेशीर पद्धत आहे. तसे असेल तर तसे म्हणावे. आकड्याला शास्त्राचा अंगरखा घालू नये.

तिसरी खूण : अपवाद. साथ किंवा तुटवडा असेल तर मर्यादा उठवण्याची मुभा कायद्यातच आहे. २००९ च्या शरद ऋतूत दोन्ही राज्यांनी स्वाईन फ्लूच्या लशीसाठी ती उठवलीही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बायकोने घेतलेल्या पँडेमरिक्समध्ये सुमारे २.५ मायक्रोग्रॅम पारा होता, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मर्यादेच्या अडीचपट. आदल्या वर्षी जे बेकायदा ठरले असते, ते साथीच्या हंगामात त्याच पोटातल्या बाळाला चालणार होते. आणीबाणीची कलमे असावीत, माझी ना नाही. पण धोका खरा मानला, तर गरोदरपणात तो साथीच्या दिवशीही खराच असणार. मर्यादा इतक्या सहज उठवता आली, कारण ती उठवणाऱ्यांनाही तिच्यामागे मोठा धोका दिसत नव्हता.

चौथी खूण : कायदा यशस्वी झाला की फसला हे कशावरून ठरवायचे? भीती होती स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची. डेन्मार्कने १९९२ मध्येच थायोमर्सल काढले. नोंदी वाढतच राहिल्या. कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या नोंदी २००८ मध्ये तपासून प्रसिद्ध झाल्या. पारा गेल्यावरही आकडा चढताच होता. आमच्याकडे एखादी दुरुस्ती केली आणि बिघाड तसाच राहिला, तर दुरुस्ती चुकीच्या जागी केली असे आम्ही समजतो. कायदा मात्र पुस्तकात तसाच राहिला.

हे वाचून कोणी म्हणेल, मामा सरकारची वकिली करतो. तर आता इंग्लंडकडे वळतो.

इथे लशीतल्या पाऱ्याला आकड्याची वैधानिक मर्यादा नाही. निर्णय परवान्यातून, सल्लागार समितीतून आणि खरेदीतून होतात. याचा फायदा असा की पुरावा बदलला की निर्णय बदलता येतो. तोटा असा की सामान्य माणसाला बोट ठेवायला ओळ सापडत नाही. १९९९ मध्ये युरोपने 'पारा नसलेली बरी' म्हटले. इथल्या बाळांना पारा असलेली त्रिगुणी लस २००४ पर्यंत मिळत होती. पालकांना 'सुरक्षित आहे' आणि 'नसलेली बरी' ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी ऐकू येत होती. ऑगस्ट २००४ मध्ये नव्या पंचगुणी लशीची घोषणा झाली, तीत थायोमर्सल नव्हते. पोलिओचे तोंडी थेंब जाऊन इंजेक्शन आले, डांग्या खोकल्याचा घटक सौम्य झाला, अशी कारणे दिली गेली आणि ती खरीही होती. पण 'पारा काढला, म्हणजे दाल में कुछ काला है' हा अर्थ लोकांनी काढलाच. गप्प राहणाऱ्याच्या तोंडी लोक आपले शब्द घालतात.

दुर्दैव असे की त्याच वर्षी इथल्या संशोधकांनी चांगले काम प्रसिद्ध केले होते. एक अभ्यास जी.पी.च्या नोंदींतल्या १ लाख ९ हजार ८६३ मुलांचा. दुसरा ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या चौदा हजारांवर मुलांचा. थायोमर्सल लवकर आणि जास्त मिळालेल्या मुलांची वाढ मागे पडल्याचे दोन्हींत दिसले नाही. पहिल्यात स्नायूंच्या झटक्यांबाबत एक अंधुक संशय राहिला, तोही लेखकांनी झाकला नाही. हे सर्व एका साध्या पानावर, आपल्या आयांना समजेल अशा भाषेत हेल्थ व्हिजिटरच्या हातात असायला हवे होते. आमच्या मंडळातल्या निम्म्या घरांत तेव्हा एम.एम.आर. आणि पारा यांची खिचडी झाली होती. वास्तविक एम.एम.आर.मध्ये थायोमर्सल कधीच नव्हते; ती जिवंत विषाणूंची लस, जंतुनाशक घातले तर लसच मरेल.

आणि एक गोष्ट, जी दोन्ही बाजू सांगायला कचरतात. पँडेमरिक्सने खरेच काही मुलांना इजा केली. पाऱ्याने नव्हे. २०१० पासून स्वीडन व फिनलंडमध्ये, आणि २०१३ मध्ये इंग्लंडच्या अभ्यासात दिसले की ही लस घेतलेल्या काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे आवरता न येणारी झोप, जडली. प्रमाण सुमारे ५२ ते ५७ हजार डोसांमागे एक. एका मुलाची १ लाख २० हजार पौंडांची भरपाई २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कायम केली. पन्नास हजारांत एक इतकी विरळ इजाही नोंदींतून वर आली. याच नोंदींनी पाऱ्याची इजा शोधली तेव्हा काही सापडले नाही. माझा विश्वास बसला तो यामुळे, 'काही नसतं त्यात' या वाक्यामुळे नव्हे.

आपल्या घरांतली विसंगतीही बोलून टाकतो. हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटवणारी आजी आपल्या सर्वांची. त्या मात्रेत पारा असतो आणि मोजून किती, हे तिला माहीत नव्हते. आजही भारतातून येणाऱ्या बॅगांत पुड्या येतात. अशा काही औषधांत पारा व शिसे सापडल्याचे इशारे इथल्या औषध नियामकाने दिले आहेत. माशाला मात्र इथे कायद्याची मर्यादा आहे : बहुतेक माशांना किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ट्यूनासारख्यांना एक. म्हणजे कायद्यात पूर्ण बसणाऱ्या शंभर ग्रॅमच्या तुकडीत ५० मायक्रोग्रॅमपर्यंत पारा असू शकतो, तोही मिथिल. पँडेमरिक्सच्या वीसपट. प्रत्यक्षात बहुतेक मासे याच्या खूप खाली असतात, आणि गरोदरपणी ट्यूना मोजून खा असा सल्लाही आहे. पण भीती सुईची, तुकडीची नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत जवळचा. माझ्या मुलीला २०१० मध्ये बिनपाऱ्याची, एकाच डोसाची लस मिळाली. साताऱ्याजवळच्या गावात चुलतभावाच्या मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दहा डोसांच्या बाटलीतून पंचगुणी लस मिळाली, थायोमर्सलसह. एक डोसाच्या बाटलीला किंमत जास्त, शीतपेटीत जागा जास्त. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला तेव्हा लशीतला पाराही बंद करा, असा आग्रह झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी विरोध केला आणि १९९९ च्या निवेदनात सहभागी झालेल्या त्याच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी त्यांना पाठिंबा दिला. करारात लशींना स्पष्ट अपवाद मिळाला. बंदी आली असती तर तिचा भार सॅक्रामेंटोवर नव्हे, साताऱ्यावर पडला असता. श्रीमंत देशाच्या खबरदारीचे बिल गरीब देशाच्या बाळाने भरावे, हा कुठला न्याय? २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या नव्या सल्लागार समितीने फ्लूच्या लशींतून थायोमर्सल काढण्याची शिफारस केली, जुलैत आरोग्यमंत्र्यांनी सही केली. तिथे फार थोड्या बाटल्यांत ते उरले होते. पण बातमी मिल्टन कीन्सपर्यंत आली ती 'पारा बंद' एवढीच.

आता भाचीचे उत्तर. इंग्लंडमध्ये आज गरोदर स्त्रीला नेहमीच्या कार्यक्रमात मिळणाऱ्या लशींत थायोमर्सल नाही. डांग्या खोकल्याची जी लस तिने पुढे ढकलली, तिच्यातला थायोमर्सलमधला पारा शून्य मायक्रोग्रॅम. ती मर्यादा मागते आहे त्याच्याही खाली. उलट बाजूचा आकडा मात्र शून्य नाही. १९७० च्या दशकात याच देशात त्रिगुणी लशीची धास्ती पसरली, लस घेणारे ऐंशी टक्क्यांच्या आसपास होते ते तीस टक्क्यांवर आले आणि पुढच्या दोन साथींत एक लाखाहून अधिक मुलांना डांग्या खोकला झाला. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये चौदा हजारांवर रुग्ण झाले आणि ११ तान्ही बाळे गेली. बाळाची पहिली लस दुसऱ्या महिन्यात. तोवर त्याच्याजवळ असते ते आईकडून मिळालेले संरक्षण.

ही सारी बेरीज मी तिला एका कागदावर लिहून पाठवली आहे, एककांसकट. पत्रकाच्या कोणत्या ओळीत घटक पाहायचे तेही लिहिले आहे, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायला नको. "मिडवाइफला हे सगळं विचारीन, आणि ती 'काही नसतं' म्हणाली तर तुला फोन करीन," एवढेच तिचे उत्तर आले. गुरुवारी तिची वेळ आहे. फोन हाताशी ठेवणार आहे.